रंग विटला, आणि विक्रेता म्हणतो ऊन तुमचं

प्रश्न : दिल्लीच्या ऑनलाइन विक्रेत्याकडून जुन्या डच फुलचित्रांच्या तीन प्रिंट १८,००० रुपयांना घेतल्या. जाहिरातीत ‘आर्काइव्हल (म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारं), सुती कागद, पिगमेंट शाई’ होतं. ८ महिन्यांत गुलाबी रंग विटला. विक्रेता म्हणतो, उन्हात लावल्यात. बिलावर ‘माल परत घेतला जाणार नाही, वाद फक्त दिल्लीत’ असं छापलंय. दोन प्रिंट हॉलमध्ये खिडकीसमोर आहेत, एक देवघराशेजारच्या पॅसेजमध्ये. काय करावं? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी तुमची कच्ची बाजू. थेट उन्हात चांगली पिगमेंट शाईसुद्धा, म्हणजे बारीक रंगकणांची टिकाऊ शाई, फिकी पडते. त्यामुळे ‘रंग उडाला’ एवढंच लिहिलंत, तर समोरचा वकील तुमच्या खिडकीवर बोट ठेवून मोकळा होईल. तक्रार अशी मांडा : सांगितलं एक, पाठवलं दुसरंच. मालाचा दर्जा किंवा घटक खोटे सांगणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४७)प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पॅसेजमधली प्रिंट हा तुमचा हुकमाचा एक्का. तिथे ऊन येत नाही, तरी गुलाब पांढरट पडलेत ना? मग उन्हाची सबब लंगडी पडते. पिगमेंटऐवजी डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची कमी टिकाऊ शाई, वापरली असेल, तर ती नुसत्या हवेनेही विटते. ती फ्रेम आता उघडूच नका. पाणी लावून, खरवडून तर मुळीच बघू नका. कागद आणि शाई तपासायला ग्राहक आयोग याच कायद्याच्या कलम ३८खाली नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. हॉलमधली एक फ्रेम मात्र व्हिडिओ चालू ठेवून उघडा. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, झाकलेल्या कडेला मूळ रंग दिसेल, त्याच्या शेजारी विटलेली पाकळी.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट नोटीस पाठवायच्या आधी काढा. नोटीस पोचली की असली पानं बदलतात, हा आम्हा वकिलांचा नेहमीचा अनुभव. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा; स्क्रीनशॉट, व्हिडिओसारखा इलेक्ट्रॉनिक पुरावा ग्राह्य धरला जाण्यासाठी ते लागतं.

‘फक्त दिल्लीत’ला घाबरू नका. ग्राहक कायद्याच्या कलम ३४प्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुणे जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देणंही २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत बसत नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, मग ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. मनस्तापापोटी लाखभर मागायचा मोह मात्र आवरा. १८,००० परत, प्रयोगशाळेचा आणि दाव्याचा खर्च, एवढीच मागणी माझ्या मते तग धरेल.