भ्रूणाची ग्रेड कागदावर बदलली, आता काय करायचे?

प्रश्न : आयव्हीएफ उपचारात पाचव्या दिवशी एक भ्रूण गर्भाशयात सोडला, तीन गोठवले. गर्भ राहिला नाही. डिस्चार्ज कार्डावर चारही भ्रूण ‘४एए’ लिहिले आहेत, डॉक्टरांनी व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच कळवले होते. दुसरीकडे उपचार घ्यायचे म्हणून लॅबची नोंद मागितली. बरेच हेलपाटे घातल्यावर एका पानाची झेरॉक्स मिळाली. तीत गोठवलेल्यांपैकी दोन भ्रूण ‘३बीसी’ आहेत. तारखा आहेत, वेळा नाहीत. पाचही दिवसांच्या नोंदीखाली मिळून एकच सही. बाकीचे कागद ‘लॅबचे अंतर्गत’ म्हणून देत नाहीत. या सगळ्याला १४ महिने झाले. फसवणुकीची तक्रार करावी का?

उत्तर : आत्ता नको. तुमच्या हातात संशय आहे, पुरावा नाही. पोलिसांत गेलात किंवा पहिल्याच पत्रात ‘खोटी नोंद’ असे लिहिलेत, तर उरलेले कागद मिळणे आणखी अवघड होईल. आधी पूर्ण नोंद मिळवा, आरोपाचे नंतर पाहू.

‘४एए’ आणि ‘३बीसी’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण समोरचा वकील पहिला वार इथेच करील. आकडा भ्रूणातली पोकळी किती फुगली ते सांगतो, १ ते ६. पहिले अक्षर बाळ ज्यातून घडते त्या आतल्या पेशीपुंजाचे, दुसरे वार (प्लासेंटा) ज्यातून बनते त्या बाहेरच्या थराचे. अक्षरांत ‘ए’ सर्वांत चांगले, ‘सी’ सर्वांत कमी. आकडा काही तासांत ३ वरून ४ होऊ शकतो. पुरता फुगलेला भ्रूण मध्येच आकसतो आणि पुन्हा फुगतो. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या दोन जाणकारांत एका अक्षराचा फरक पडणेही नेहमीचे. म्हणून नुसती ग्रेड वेगळी आहे एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. मात्र बाहेरच्या थराचा ‘सी’ डिस्चार्ज कार्डावर ‘ए’ झाला असेल, तोही दोन भ्रूणांच्या बाबतीत, तर त्याचा खुलासा क्लिनिकलाच द्यावा लागेल. आणि तो खुलासा वेळेच्या नोंदीशिवाय देता येणार नाही.

तुमच्या प्रकरणातली खरी मेख वेळेत आहे. भ्रूण कोणत्या तासाला पाहायचे हे या क्षेत्रात ठरलेले आहे. फलन झाले का ते १६ ते १८ तासांनी, दुसऱ्या दिवशी ४४ तासांच्या आसपास चार पेशी, तिसऱ्या दिवशी ६८ तासांच्या सुमारास आठ, पाचव्या दिवशी ११६ तासांच्या आसपास ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी तयार झालेला भ्रूण. तास मोजायचे ते स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र केल्यापासून. इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणे, असेल तर त्या इंजेक्शनपासून. वेळ नसलेली ग्रेड म्हणजे तारीख नसलेली पावती. अशा कागदावर तुम्हालाही काही सिद्ध करता येत नाही आणि क्लिनिकलाही स्वतःचा बचाव करता येत नाही.

‘अंतर्गत कागद’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ च्या कलम २३ नुसार वापरलेल्या आणि न वापरलेल्या भ्रूणांची व त्यांसाठी वापरलेल्या तंत्राची तपशीलवार नोंद ठेवणे क्लिनिकवर बंधनकारक आहे, तीही किमान १० वर्षे. क्लिनिकविरुद्ध कार्यवाही सुरू झाली असेल तर तिचा अंतिम निकाल लागेपर्यंत ते कागद नष्ट करता येत नाहीत. शिवाय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यावर डॉक्टरने पोच देऊन ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्येच रुग्णाला केसपेपर नाकारण्यासाठी गोपनीयतेची सबब चालणार नाही असे म्हटले आहे. तुमच्याच भ्रूणाची माहिती तुमच्यापासून गोपनीय कशी असेल?

आता पत्र. पती-पत्नी दोघांच्या सह्यांनी, साध्या भाषेत, आरोप न करता लिहा. मागणी ‘सर्व रेकॉर्ड’ अशी ढोबळ केलीत तर पुन्हा तेच एक पान येईल. म्हणून नावानिशी मागा : किती स्त्रीबीजे निघाली, त्यांतली पक्व किती, फलन तपासणीची नोंद, प्रत्येक भ्रूणाचा क्रमांक आणि त्याची दिवसागणिक नोंद, तपासणीची वेळ व तपासणाऱ्याच्या सहीसह, भ्रूणांचे फोटो किंवा टाइम-लॅप्सचे चित्रण मूळ फाइलमध्ये, गोठवल्याची वेळ, त्या वेळची ग्रेड आणि भ्रूण ज्यात गोठवतात त्या बारीक नळीवरचा (स्ट्रॉ) क्रमांक, ओळख पडताळणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीची सही, आणि तुमची संमतिपत्रे. फोटोवर बहुतेक वेळा यंत्राने टाकलेली वेळ असते. हाताने लिहिलेल्या पानापेक्षा ती कैक पटींनी मोलाची. टाइम-लॅप्स इनक्युबेटर दर काही मिनिटांनी चित्र टिपतो; तुमचे भ्रूण त्यात होते का, हे बिलावरून कळेल. पत्र पोच मिळेल अशा टपालाने आणि ईमेलनेही पाठवा. या कायद्यानुसार क्लिनिकमध्ये तक्रार कक्ष असायलाच हवा, त्यालाही प्रत द्या.

व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश असलेला फोन विकू नका, रीसेट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय सांकेतिक क्रमांक), जोडावे लागेल.

कागद मिळाले की ते दुसऱ्या लॅबमधल्या अनुभवी एम्ब्रिऑलॉजिस्टला, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण वाढवणाऱ्या-तपासणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत इथे अपुरे पडेल. लेखी मत घ्या आणि त्यात एक प्रश्न हमखास विचारा : खरी ग्रेड माहीत असती तर उपचाराचा निर्णय बदलला असता का? नुकसानभरपाईचा दावा याच उत्तरावर उभा राहील किंवा पडेल. सोडलेला भ्रूण दोन्ही कागदांत ‘४एए’च असेल, तर गर्भ न राहण्याचा दोष नोंदीवर टाकता येणार नाही. मग तुमची तक्रार चुकीच्या माहितीवर घेतलेल्या निर्णयांची आणि सेवेतल्या त्रुटीची राहील. ती लहान आहे, पण टिकाऊ आहे.

कागद आलेच नाहीत तर वकिली नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. मूळ नोंदवही हजर करण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. खाडाखोड किंवा एकाच बैठकीत लिहिलेली पाच दिवसांची नोंद तिथे दिसेल. तरीही वही आली नाही तर प्रतिकूल अनुमान, म्हणजे ती क्लिनिकच्या विरोधात जाणारी होती असा निष्कर्ष, काढण्याची मागणी करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. झेरॉक्स हातात आली तेव्हापासून ती मोजावी, असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका. तुमच्याकडे १० महिने आहेत असेच धरून चाला, आणि पत्रव्यवहार चालू राहिल्याने मुदत वाढत नाही.

या गडबडीत गोठवलेल्या तीन भ्रूणांचे शुल्क मात्र थकवू नका. ते वितळवायचे ठरलेच, तर वितळवल्यानंतरची ग्रेड वेळेसह लिहून द्यावी असे आधीच लेखी कळवा. वितळवलेला भ्रूण सुरुवातीला आकसलेला असतो, त्यामुळे पुन्हा फुगायला वेळ दिल्यानंतर तपासणी केव्हा झाली हेही त्यात यायला हवे.