मॉडेल बंद झाल्यावर कंपनी काय करते, ते पाहा

वडिलांच्या बजाज डिस्कव्हर मोटरसायकलचे उत्पादन बंद झाल्यामुळे तिच्या दुरुस्तीला अडचण येते. आता नवी गाडी घेऊन ती दहा वर्षे वापरायची असेल तर पुन्हा बजाजवर भरवसा ठेवावा की रॉयल एन्फिल्डकडे वळावे, असे तुम्ही विचारले आहे. गाडी चालवणाऱ्याविषयी कंपन्यांना पूर्वीसारखी आस्था उरली आहे का, हाही तुमचा प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. माझ्या मते आस्था नाहीशी झालेली नाही, ती सलग टिकत नाही. आणि तिला मध्येच जो खंड पडतो, त्याची किंमत त्या काळात गाडी घेतलेल्या माणसाला मोजावी लागते.

पूर्वी कंपन्या ग्राहकाला जपत असत, ही समजूत मला फारशी पटत नाही. पियाजिओ या इटालियन कंपनीबरोबरचा करार १९७१ साली संपल्यावर बजाजने १९७२ मध्ये चेतक स्कूटर आणली. त्या काळात उत्पादन किती करायचे हे सरकारी परवान्यावर ठरत असे आणि पैसे भरून नाव नोंदवलेल्या माणसालाही वर्षानुवर्षे थांबावे लागत असे. पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत, पोहोचावे म्हणून स्कूटर आधी एका बाजूला कलती करायची आणि मग किक मारायची, ही सवय लोकांनी मुकाट्याने अंगवळणी पाडून घेतली, कारण दुसरीकडे जायला फारशी जागाच नव्हती. चेतक दणकट होती, तिचे सुटे भाग लहानशा गावातही मिळत होते आणि याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. मात्र त्यात ग्राहकाविषयीच्या कळकळीइतकाच, एकच यंत्र फारसे न बदलता दीर्घकाळ तयार होत राहिले, या गोष्टीचाही वाटा होता.

ग्राहकाचे खऱ्या अर्थाने ऐकले गेले ते नंतर, कंपनी अडचणीत आल्यावर. नव्वदच्या दशकात गिऱ्हाईक स्कूटर सोडून फोर-स्ट्रोक मोटरसायकलकडे वळले, हीरो होंडाने अ‍ॅव्हरेजच्या जोरावर बाजार काबीज केला आणि कावासाकीच्या साहाय्याने मोटरसायकली बनवणाऱ्या बजाजला स्वतःची ओळख शोधावी लागली. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेली पल्सर हे त्याचे उत्तर होते. ताकदीची गाडी हवी असणारा वर्ग देशात आहे, हे हीरो होंडाच्या १९९९ च्या सीबीझेडने दाखवले होतेच. पल्सरने दीडशे आणि एकशे ऐंशी सीसीची गाडी नोकरदार घरांच्या आवाक्यात आणली. २००३ मध्ये त्याच इंजिनात डीटीएस-आय तंत्र आले. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिल्यामुळे ज्वाला दोन ठिकाणी पेटते, तिला कमी अंतर कापावे लागते, मिश्रण लवकर आणि अधिक पूर्ण जळते, आणि पिकअप वाढूनही अ‍ॅव्हरेज फारसे घसरत नाही. मुलाला पिकअप हवा होता आणि घरच्यांना अ‍ॅव्हरेज. दोघांचेही समाधान करणारे इंजिन पुण्यातल्या कंपनीने बनवले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

चूक सुरू झाली ती या यशानंतरच्या घाईत. २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय आली, तेव्हा फ्युएल इंजेक्शन (कार्बुरेटरऐवजी मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा), मागेही डिस्क ब्रेक आणि प्रोजेक्टर हेडलॅम्प एवढे सगळे एकत्र देणारी देशी गाडी दुसरी नव्हती. दोनच वर्षांनी इंजेक्शन काढून त्या जागी कार्बुरेटर बसवण्यात आला. किंमत कमी झाली, खप वाढला, व्यवसाय म्हणून तो निर्णय योग्यच ठरला. परंतु ज्यांनी आधी जास्त पैसे देऊन नव्या तंत्रावर विश्वास टाकला होता, त्यांच्या गाडीची इंधनप्रणाली एका अल्पायुषी मॉडेलपुरतीच उरली. बजाजच्याच २००७ च्या एक्ससीडी १२५ आणि २००९ च्या एक्ससीडी १३५ यांचीही तीच गत झाली. तुमच्या डिस्कव्हरची गोष्ट तर आणखी क्लेशदायक आहे. २००४ मध्ये १२५ सीसीची नेटकी गाडी म्हणून तिने नाव कमावले. पुढे त्याच नावाखाली ११२, १३५, १०० आणि १५० सीसीच्या गाड्या आल्या, शिवाय एसटी, टी, एम अशी अक्षरे लावलेली भावंडे आली. डिस्कव्हर म्हणजे नेमकी कोणती गाडी, हे शोरूममधल्या माणसालाही सांगता येईना आणि २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले तेव्हा हे नाव संपले.

मात्र याच कंपनीने बंद केलेल्या गाड्या पुन्हा पुन्हा परतही आणल्या आहेत, हे नोंदवले नाही तर अन्याय होईल. सीटी १०० बंद केली आणि २०१५ मध्ये परत आणली. पल्सर २००एनएस थांबवून तिच्या जागी एएस मालिका पुढे केली, ती चालली नाही आणि २०१७ मध्ये एनएस२०० पुन्हा आली. पल्सर २२०एफ २०२२ मध्ये थांबवली, चाहत्यांची मागणी कायम राहिली आणि २०२३ मध्ये ती परत शोरूममध्ये दिसू लागली. २००९ मध्ये, गिअर नसलेल्या स्कूटरला मोठी मागणी येत असताना, स्कूटर पूर्णपणे सोडण्याचा निर्णय झाला. २०२० च्या आरंभी चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरसाठी पुन्हा वापरावे लागले. ग्राहकाचे ऐकले जाते, पण उशिरा, असा याचा अर्थ मी लावतो.

एन्फिल्डची रीत वेगळी आहे. २०१६ ची पहिली हिमालयन तक्रारींनी गाजली. चेसिसला तडे जाणे आणि ऑइल गळणे या त्यांतल्या ठळक तक्रारी होत्या. कंपनीने मॉडेल गुंडाळले नाही; २०१७ मध्ये इंजेक्शन आले आणि पुढच्या सुधारणा त्याच ४११ सीसी इंजिनाच्या गाडीत २०२३ पर्यंत होत राहिल्या. मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलच्या दोषामुळे २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या गेल्या. इतका मोठा दोष शिरणे ही कमीपणाचीच बाब आहे, परंतु तो उघडपणे मान्य करून दुरुस्त करणे ही बांधिलकीही आहे. पाचशे सीसीचे एकसिलिंडर इंजिन मात्र त्यांनीही २०२० मध्ये बंद केले, त्यामुळे एन्फिल्ड म्हणजे कायमची हमी असे मी म्हणणार नाही. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातले उत्पादन आणि थेट विक्री आवरती घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा महिनाभराने हीरोशी करार होईपर्यंत गाडीमालक चिंतेत होते. नाव मोठे असले म्हणजे आधार पक्का असतो असे नाही.

म्हणून कंपनीपेक्षा इंजिन पाहून गाडी निवडा, असा माझा सल्ला आहे. एकच इंजिन किती मॉडेलांत वापरले आहे, ते विचारा. एन्फिल्डचे ३४९ सीसी इंजिन मिटिऑर, क्लासिक, हंटर आणि बुलेट या चौघींत आहे, त्यामुळे एखादे नाव उद्या बंद झाले तरी आतले भाग मिळत राहतील. बजाजकडे पल्सर २२० आणि अ‍ॅव्हेंजर २२० यांची इंजिने एकाच घराण्यातली आहेत. याउलट कालच बाजारात आलेले, एकाच मॉडेलपुरते बनवलेले इंजिन असेल तर दोन वर्षे थांबा. गाडी ठरवण्यापूर्वी पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, एक चक्कर मारा आणि त्या गाडीचा मीटर, लॉकसेट, वायरिंग आणि फेअरिंगचे (बाहेरच्या आवरणाचे) पॅनेल यांची चौकशी करा. क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, केबल यांची काळजी नसते, ती कोणीही बनवतो; गाडी अडून राहते ती मीटर, लॉकसेट, वायरिंग आणि पॅनेल या चार गोष्टींपायी. दुकानदाराने मॉडेल आणि साल विचारून लगेच कंपनीचा पार्ट काढून दिला, तर निर्धास्त राहा. त्याने लोकल चालेल का असे विचारले, तर ती गाडी दहा वर्षांसाठी घेऊ नका.

वडिलांची डिस्कव्हर इतक्यात विकू नका. १२५ सीसीची असेल तर पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह हे सगळे जुना बजाज मेकॅनिक अजून जमवून देऊ शकतो. मीटर आणि लॉकसेट तेवढे आत्ताच घेऊन ठेवा, आणि घेताना गाडीच्या आरसीवरचे साल व मॉडेलचे पूर्ण नाव सोबत न्या, कारण एसटी आणि एमचे भाग एकमेकांना बसतीलच असे नाही.