जुन्या कार्यालयीन संगणकांसाठी डिस्क रायटर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी खान्देशातून आलेल्या पत्रांत एकाच विषयाची पत्रे बरीच होती. जुना संगणक अजून काम देतो, परंतु त्यातील सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह बंद पडला आहे आणि डिस्क देण्याचे काम काही थांबत नाही, अशी सर्वांची अडचण आहे. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न (अमळनेर) : आमच्या वकिली कार्यालयात तीन संगणक आहेत. दोन 2005 च्या सुमाराचे असून त्यांवर विंडोज एक्सपी आहे. तिसरा नंतरचा, विंडोज 7 चा आहे. तिन्हींचे मूळचे ड्राइव्ह निकामी झाले आहेत. ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे न्यायालयात सीडीवर दाखल करावी लागतात. दुकानदार तिन्ही यंत्रांत नवे रायटर (डिस्क लिहिणारे ड्राइव्ह) बसवा असे म्हणतो. कमी खर्चात काय करता येईल?

उत्तर : तीन रायटर घेऊ नयेत. दिवसाला एखाद-दुसरी डिस्क तयार करणे एवढेच काम असेल, तर यूएसबीने जोडला जाणारा एकच बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्यावा आणि तो तिन्ही यंत्रांत मिळून वापरावा. आतला रायटर नगामागे स्वस्त पडतो हे खरे. तथापि वीस वर्षांच्या संगणकाच्या पोटात घातलेला नवा सुटा भाग बहुधा त्या संगणकाबरोबरच अडगळीत जातो, तर बाहेरचा रायटर उद्या नवा संगणक घेतला तरी त्यालाही उपयोगी पडतो.

आतलाच बसवायचा झाल्यास प्रश्न येतो तो जोडणीचा. आपले दोन संगणक ज्या काळातले आहेत, त्या काळात आयडीई ही 40 पिनांची रुंद पट्टीची केबल मागे पडत होती आणि साटा ही अरुंद केबल रूढ होत होती. आज दुकानात नवा मिळणारा आतला रायटर साटाचाच असतो. कोणी आयडीईचा नवा म्हणून देऊ केला, तर तो वापरलेला किंवा वर्षानुवर्षे पडून राहिलेला असण्याची शक्यताच अधिक. कॅबिनेटचे झाकण काढून मदरबोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पट्टीवर, साटाची मोकळी जोडणी आहे का, हे आधी पाहावे, कारण त्या काळातल्या पुष्कळ मदरबोर्डांवर दोन्ही प्रकारच्या जोडण्या असतात. एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीला, साटाचा वीज-प्लग नसेल, तर जुन्या चार पिनांच्या प्लगवरून तो काढून देणारी जोडकेबल मिळते. ती मात्र अगदी हलक्या प्रतीची घेऊ नये. अशा केबलींचे प्लग तापून वितळल्याचे प्रकार घडलेले आहेत. आयडीईला साटा ड्राइव्ह जोडून देणारे कन्व्हर्टरही मिळतात, पण डिस्क लिहिताना ते कधी साथ देतात, कधी देत नाहीत, आणि वकिलाच्या कामात ‘कधी कधी’ परवडत नाही.

बाहेरचा रायटर घेताना खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. बाहेरचे पातळ रायटर डीव्हीडी 8 पट आणि सीडी 24 पट वेगाने लिहितात, तर आतले मोठे रायटर डीव्हीडीसाठी 24 पटींपर्यंतचा दावा करतात. डीव्हीडीचा एकपट वेग म्हणजे सेकंदाला 1,385 किलोबाइट, म्हणजेच 8 पट वेगाला सेकंदाला सुमारे 11 मेगाबाइट माहिती लागते. यूएसबी 2.0 ची जोडणी एवढे सहज पुरवते. ज्या संगणकाला केवळ यूएसबी 1.1 आहे, त्यावर मात्र सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट माहिती पोहोचते, आणि मग सर्वांत महागडा रायटरही बैलगाडीच्या चालीने चालतो. आपल्या 2005 च्या यंत्रांत 2.0 असणारच, फक्त एक्सपीवर निदान पहिला सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टचा सुधारणा-संच) घातलेला असावा.

खरी उणीव भासते ती विजेची. यूएसबी 2.0 च्या एका जोडणीतून 500 मिलिअँपिअर प्रवाह देण्याचे बंधन असते, आणि डिस्कला वेग देताना किंवा लिहिताना रायटरला क्षणभर त्याहून अधिक प्रवाह लागू शकतो. त्यामुळे डिस्क अर्ध्यावर बाद होते आणि दोष रायटरवर जातो. यासाठी दोन यूएसबी टोके असलेली केबल सोबत असलेला, किंवा वेगळा अ‍ॅडाप्टर लावण्याची सोय असलेला रायटर निवडावा, आणि तो कॅबिनेटच्या पुढच्या बाजूस न जोडता मागच्या बाजूस, थेट मदरबोर्डावरील जोडणीत लावावा. जळगावला गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी खरेदी करणार असाल, तर पाहण्याची वस्तू ही केबल आहे. पक्के बिल आणि वॉरंटी घ्यावी, हे वकिलांना सांगण्याची गरज नसावी.

एक्सपी स्वतःहून सीडी लिहू शकते, डीव्हीडी लिहू शकत नाही. त्यासाठी इमजीबर्न किंवा सीडीबर्नरएक्सपी हे फुकट मिळणारे प्रोग्राम आहेत. तरीही न्यायालयाच्या डिस्क आपण विंडोज 7 च्या यंत्रावरच तयार कराव्यात असे मी सुचवेन. तेथे कोरी डिस्क घातल्यावर ती पेनड्राइव्हसारखी वापरायची आहे की सीडी-डीव्हीडी प्लेअरमध्ये चालवायची आहे, असा प्रश्न विचारला जातो. नेहमी दुसरा पर्याय घ्यावा. पहिल्या पर्यायाने लिहिलेली डिस्क दुसऱ्या संगणकावर, विशेषतः जुन्या यंत्रावर, उघडेलच याचा भरवसा नसतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइलमधील मजकुरावरून काढलेली, तिच्या ठशासारखी अंक-अक्षरांची ओळ) लिहायचे असते. विंडोज 7 मध्ये सर्टयुटिल या आज्ञेने ते काढता येते. डिस्क लिहिण्यापूर्वी मूळ फाइलचे आणि लिहून झाल्यावर डिस्कवरील फाइलचे मूल्य काढून दोन्ही जुळवून पाहावे. प्रमाणपत्राचेही काम होते आणि डिस्क नीट लिहिली गेली की नाही, याची परीक्षाही आपोआप होते. कामासाठी पुन्हा लिहिता न येणारी सीडी-आर घ्यावी, आरडब्ल्यू नको.

प्रश्न (भुसावळ) : आमच्या पतसंस्थेतील एक्सपीच्या संगणकाला डीव्हीडी रायटर आहे आणि तो चालूही आहे. परंतु पूर्वी दहा मिनिटांत होणारी डीव्हीडी आता तास उलटला तरी होत नाही आणि पुष्कळदा शेवटी चूक दाखवते. नवा घ्यावा काय?

उत्तर : एवढ्यात घेऊ नये. आपण सांगता ती लक्षणे रायटर म्हातारा झाल्याची असू शकतात, पण एक्सपीच्या यंत्रावर पहिला संशय वेगळ्याच ठिकाणी घ्यावा लागतो.

आयडीई ड्राइव्हशी माहितीची देवाणघेवाण डीएमए या पद्धतीने होते. तिच्यात मुख्य प्रोसेसरवर भार पडत नाही. खरचटलेली डिस्क, सैल केबल किंवा विजेचा झटका यांमुळे वाचनात वारंवार चुका झाल्या, की एक्सपी सावधगिरी म्हणून एकेक पायरी उतरत शेवटी पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर येते आणि त्यानंतर आपणहून पुन्हा वर चढत नाही. संगणक कितीही वेळा बंद-चालू केला तरी फरक पडत नाही. म्हणून वर्षभरापूर्वी घातलेल्या एका खराब डिस्कची शिक्षा रायटर आजपर्यंत भोगत असतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आयडीई कंट्रोलरच्या यादीतील, बहुधा दुय्यम असलेल्या, ज्या चॅनेलवर रायटर आहे त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये सध्याची पद्धत पाहावी. तेथे पीआयओ दिसत असेल, तर तो चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज तो नव्याने ओळखते आणि डीएमए परत येते. हे करण्याआधी आयडीई केबल बदलून घ्यावी, नाहीतर काही दिवसांनी पुन्हा तेच.

एवढे करूनही डीव्हीडी बाद होत असेल, तर डिस्कची कंपनी बदलून पाहावी. कोणत्या डिस्कवर लेझरची किती शक्ती वापरायची, याची माहिती रायटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतच साठवलेल्या प्रोग्राममध्ये, भरलेली असते. जुन्या रायटरला नंतर बाजारात आलेल्या डिस्कची नीट ओळख नसते. सीडी ठीक लिहिली जाते आणि डीव्हीडीच नाही, असे असल्यास लेझर क्षीण झाला असे समजावे, कारण सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर असतात आणि त्यांतील एक आधी थकू शकतो. तशा स्थितीत मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नयेत.

आपल्या पत्राच्या शेवटी चार जीबीहून मोठी बॅकअप फाइल हार्डडिस्कवर तयारच होत नाही असेही म्हटले आहे. त्याचा रायटरशी संबंध नाही. हार्डडिस्कचे ते विभाजन (पार्टिशन) फॅट32 या जुन्या फाइल-रचनेचे असावे, आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. माहिती न पुसता ते एनटीएफएस या नंतरच्या रचनेचे करता येते. तत्पूर्वी बॅकअप घ्यावा.

प्रश्न (शहादा) : लग्नाच्या चित्रफिती डीव्हीडीवर देतो. काही गिऱ्हाइकांच्या प्लेअरवर त्या चालत नाहीत. डिस्क वजा (डीव्हीडी-आर) घ्यावी की अधिक (डीव्हीडी+आर)? वेग किती ठेवावा?

उत्तर : आजचे सर्व रायटर दोन्ही प्रकार लिहितात. घरोघरच्या जुन्या प्लेअरांचा विचार करता डीव्हीडी-आर, म्हणजे वजा, अधिक सुरक्षित. वेग 8 पट ठेवावा. जितका कमी तितका चांगला, ही समजूत आजच्या 16 पट वेगाच्या डिस्कना लागू पडत नाही. त्या फार संथ लिहिण्यासाठी घडवलेल्या नसतात. डिस्क लिहून झाल्यावर ती फायनलाइझ करण्यास, म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी अशी शेवटी बंद करण्यास, विसरू नये. नुसती एमपी4 फाइल डिस्कवर टाकून दिली, तर जुना प्लेअर ती ओळखणार नाही. त्याला डीव्हीडी-व्हिडिओ स्वरूपच हवे. आणि वधूवरांची छायाचित्रे असलेली कागदी स्टिकरे डिस्कवर चिकटवू नयेत. स्टिकर किंचित जरी वाकडे बसले तरी वेगात फिरताना डिस्कचा तोल जातो. आपल्या बाबतीत मूळ दोष तोच असावा, अशी मला शंका आहे.

प्रश्न (धरणगाव) : जिनिंगच्या कार्यालयातील अनेक वर्षांचे हिशेब डिस्कवर जपून ठेवायचे आहेत. ब्लू-रे रायटर घ्यावा काय? फायलींची नावे मराठीत आहेत, ती नीट राहतील का?

उत्तर : ब्लू-रे नको. एका डिस्कवर 25 जीबी मावतात हे खरे, पण रायटर आणि कोऱ्या डिस्क दोन्ही महाग, आणि ज्या जुन्या संगणकांवर त्या वाचायच्या, त्यांत ब्लू-रे वाचणारा ड्राइव्ह नसतो. हिशेबाच्या फायली आकाराने लहान असतात. साध्या डीव्हीडीवर 4.7 जीबी (संगणक ते 4.37 दाखवतो, त्याने गोंधळू नये) एवढी जागा एका वर्षाला पुष्कळ होते. वर्षाला एक डीव्हीडी, तिच्या दोन प्रती, दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर, आणि शिवाय सर्वांची एकत्र नक्कल बाहेरच्या हार्डडिस्कवर, अशी रचना मी सुचवेन. रायटरवर वाचलेले पैसे त्या हार्डडिस्कवर घालावेत.

नावांसाठी लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये जोलिएत हा पर्याय निवडावा. त्यात युनिकोडमधील देवनागरी नावे 64 अक्षरचिन्हांपर्यंत टिकतात. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात, तेव्हा नावे आटोपशीर असावीत. फायलीतील मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या फॉन्टमध्ये असेल, तर मूळ फाइलबरोबर तिची पीडीएफ प्रतही ठेवावी. तो फॉन्ट पुढे कोणाच्या संगणकावर असेल, हे कोण सांगणार?

जिनिंगमध्ये हवेत सतत तरंगणारी रुई ही रायटरची मोठी वैरी आहे. ती भिंगावर बसते, ट्रेच्या गिअरमध्ये अडकते. बाहेरचा रायटर काम झाले की डब्यात बंद करून ठेवता येतो, हा त्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा गुण. तयार डिस्क पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नयेत. आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि अशा कपाटात त्याहून अधिक तापते. लिहिण्यायोग्य डिस्कमधील सेंद्रिय रंगाचा थर उष्णतेने आणि उन्हाने खराब होतो. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क उघडून पाहावी. दिवाळीतील वहीपूजनाच्या आधीचा आठवडा त्यासाठी सोयीचा. डिस्क लिहिताना संगणक यूपीएसवर असावा, हेही ओघाने आलेच.

प्रश्न (चाळीसगाव) : शाळेच्या कार्यालयात मोडीत निघालेल्या लॅपटॉपचा डीव्हीडी रायटर पडून आहे. तो बाहेरून जोडता येईल का?

उत्तर : येईल, आणि शाळेसाठी सर्वांत स्वस्त मार्ग हाच. यूएसबीची जोडणी असलेली पातळ ड्राइव्हची केसिंग (ड्राइव्ह आत बसवण्याची पेटी) विकत मिळते. खरेदीपूर्वी ड्राइव्हची जाडी मोजावी, ती 12.7 किंवा 9.5 मिलिमीटर असते आणि एकीची केसिंग दुसऱ्याला बसत नाही. मागची जोडणीही पाहावी. तेथे सपाट, एका खाचेने लहान-मोठ्या भागांत विभागलेली पट्टी असेल तर तो साटा आहे, आणि दाटीवाटीने बारीक संपर्क असलेला एकच लांब कनेक्टर असेल तर आयडीई. आयडीईची केसिंग आता शोधावी लागते. सहज मिळाली नाही, तर तो नाद सोडावा. ड्राइव्ह दुकानात सोबत घेऊन जावा आणि तेथेच एक डिस्क लिहून पाहून मगच केसिंगचे पैसे द्यावेत.