घर गहाण टाकण्याआधी उधारीची वही उघडा

प्रश्न : वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत माझं मशीनिंग जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, माणसं अकरा. महिन्याचा धंदा 14 लाखांवरून साडेआठवर आलाय. कुणालाही न काढता मंदी निभावायची म्हणून दांडिया बाजारातलं घर तारण ठेवून 30 लाख काढावेत असं वाटतं. घर आईच्या नावावर आहे, ती सही करायला तयार आहे. अशा वेळी मालकानेच छातीचा कोट करायला नको का?

उत्तर : कोट जरूर करा, पण त्याला आईच्या घराच्या विटा लावू नका.

तुम्ही पाठवलेले आकडे मांडून पाहिले. साडेआठ लाखांतून माल, टूल्स, बाहेरचं हीट ट्रीटमेंट गेलं की 3 लाख 80 हजार उरतात. पगार, भाडं, वीज, व्हीएमसी मशीनचा (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) हप्ता आणि तुमचा घरखर्च मिळून 5 लाख. म्हणजे दरमहा 1 लाख 20 हजारांची खोट. दहा वर्षांसाठी 10 टक्क्यांनी 30 लाख घेतलेत तर हप्ता साधारण 39,600. खोट 1 लाख 60 हजारांवर गेली. धंदा असाच राहिला तर दीड-पावणेदोन वर्षांत पैसे संपतील आणि हप्ते पुढे आठ वर्षं चालू राहतील.

खरी गोम तुम्ही पाठवलेल्या येणेबाकीच्या यादीत, शेवटच्या पानावर आहे. एकाच कंपनीकडे 19 लाख अडकलेत, नव्वद दिवसांहून जुने. आजची खोट तेवढ्यात पंधरा महिने भरून निघते. अहो, कर्ज तर तुम्हीच त्यांना बिनव्याजी देऊन बसलात! वर त्यातला 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 2 लाख 90 हजार, तुमच्या रिटर्नमध्ये केव्हाच लागला.

तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारदरबारी लहान उद्योग म्हणून नोंद, आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. शिवाय 2023-24 पासून मुदतीत न चुकवलेली अशी बिलं प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. त्यामुळे परचेसवाल्याच्या मागे लागू नका, अकाउंट्सला उद्यम प्रमाणपत्रासह पत्र द्या. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवरची तक्रार मी शेवटी ठेवेन, कारण ती केली की त्या गेटातून पुढची ऑर्डर येईलच असं नाही. नवीन बिलांसाठी ती कंपनी ट्रेड्सवर (लहान उद्योगांची बिलं वटवून आधीच पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ) आहे का विचारा. 250 कोटींवर उलाढाल असलेल्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे.

आता माणसं. दुपारचा दुसरा चहा बंद केल्याचं तुम्ही सहज लिहून गेलात. शेडमध्ये त्याचा अर्थ एव्हाना लागला असेल. शनिवारी मशीन बंद करून सगळ्यांना बसवा आणि ऑर्डर किती, येणं किती ते सांगा. सुरुवात स्वतःपासून : 85 हजारांचा घरखर्च 60 वर आणा आणि तेही त्यांच्यासमोर बोला. मग ओव्हरटाइम बंद आणि आठवडा पाच दिवसांचा, हे मागायला तोंड राहील. चौदा वर्षं तुमच्याकडे असलेला लेथवरचा टर्नर दोन शतांश मिलिमीटरमध्ये शाफ्ट बसवतो. तो एकदा शेजारच्या शेडमध्ये गेला की तेजीत दुप्पट पगार देऊनही परत यायचा नाही. त्याला राखायची तुमची भावना मला धंद्याच्या हिशोबानेही पटते.

तरीही कमी पडलं तर बँकेत सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जासाठीची सरकारी हमी योजना) हमीवर 8-10 लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागतील तसे पैसे उचलायची सोय, मागा. त्यात घर तारण लागत नाही. तुमची फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची, असल्यामुळे धंद्याचं देणं तसंही तुमच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत पोहोचतं. घर आईच्या नावावर आहे म्हणून आज ते त्याबाहेर आहे. एका सहीने ते आत येईल.

तीन महिन्यांत 19 पैकी निदान 8 लाख हाती आले नाहीत तर वही घेऊन परत या, मग कोणती मशीन विकायची ते बघू. चहा मात्र सोमवारपासून सुरू करा.