वॉटरक्रेसआधी अळीव पेरा

वॉटरक्रेस म्हणजे पाण्यात वाढणारी, झणझणीत चवीची पालेभाजी. हौस आहे तर जरूर लावा, पण त्याला गारवा आणि मुळाशी कायम पाणी लागतं. आपला एप्रिल-मे त्याला झेपत नाही. थंडी येईपर्यंत तशाच झणझणीत चवीच्या अळिवावर हात बसवा.

बी किराणा दुकानातलं, लाडवांसाठी आणतो तेच. शेतीच्या दुकानातलं रंगीत बी नको. त्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं. आणि कृपा करून भिजत घालू नका! पाणी लागलं की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर धरतो, सगळ्यांचा एकच गोळा होतो, मग पेरणार काय? मिठाईच्या डब्याला तळाशी भोकं पाडा, दोन-तीन सेंमी ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरा आणि वरून कोरडं बी चिमटीने विरळ भुरभुरा. माती वर टाकायची नाही. तो बुळबुळीत थरच ओल धरून ठेवतो. दोन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात.

मुळांवर पांढरी लव दिसली की नवखे लोक बुरशी समजून डबा फेकतात. आधी पाणी फवारून बघा. मूळरोम, म्हणजे मुळांचे बारीक केस, असतील तर दिसेनासे होतील. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी देठांवरही चढते.

आठ-दहा दिवसांत बोटभर झालं की कात्रीने कापा, कोशिंबिरीत घाला. खत नको.

पुढे वॉटरक्रेस लावाल तेव्हा पाणी नळाचंच वापरा. गुरं चरतात त्या ओढ्यातलं तर कच्चं खाऊच नका, यकृतकृमीचा धोका असतो.