जपानी कवी ताकिगुची शुझोची ‘डेकॅल्कोमानिया’ चित्रं म्हणजे आपण शाळेत काढायचो ती रंगाची फुलपाखरंच ना? मग त्यात एवढं काय?

कृती म्हणाल तर बरीचशी तीच. पण शाळेत आपण कागद मधोमध दुमडायचो, डावं-उजवं सारखं उमटायचं आणि हमखास फुलपाखरू निघायचं. इथे घडीच नाही. गुळगुळीत कागदावर ग्वाश, म्हणजे आपल्या पोस्टर कलरचा भाऊ, लावायचा, वर दुसरा कागद दाबायचा आणि सोलल्यासारखा उचलायचा. कागद सुटताना फटीतून हवा आत घुसते आणि दाट रंगाला ढकलत तिला फांद्या फुटत जातात. म्हणून त्यात शेवाळ, प्रवाळ, गुहा दिसतात.

मी घरी करून पाहिलंय. वहीच्या कागदाने रंग पिऊन टाकला, नुसते डाग पडले. जुन्या कॅलेंडरच्या चकचकीत पानावर जमलं. रंग किंचित सुकला तरी कागद फाटतो, तेव्हा हात चलाख हवा.

युक्ती ताकिगुचीची नव्हे. ऑस्कर दोमिंगेझ या स्पॅनिश चित्रकाराने ती १९३०च्या दशकात पॅरिसच्या सर्रिअलिस्टांत, म्हणजे स्वप्नातून, नेणिवेतून कला काढू पाहणाऱ्यांच्या गोटात, आणली. त्याच गोटातला चित्रकार माक्स अर्न्स्ट तर असा ठसा घेऊन त्यावर कुंचल्याने पक्षी, माणसं काढायचा. (मला ते थोडं फसवल्यासारखं वाटतं, पण असो.)

ताकिगुची मुळात कवी. जन्म १९०३चा, तोयामा प्रांतातला. सर्रिअलिस्टांचा म्होरक्या आंद्रे ब्रतों, त्याचं सर्रिअलिझम आणि चित्रकलेवरचं पुस्तक ताकिगुचीने १९३०मध्येच जपानीत आणलं. याच सर्रिअलिझमपायी १९४१मध्ये पोलिसांनी त्याला पकडून कित्येक महिने कोठडीत ठेवलं. युद्धानंतर तो कलासमीक्षक म्हणून गाजला. तोक्योच्या ताकेमिया गॅलरीत त्याने कितीतरी नवख्या चित्रकारांना जागा मिळवून दिली. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांवर लिहिलं, आणि साठीच्या उंबरठ्यावर स्वतः शाई-रंग हातात घेतले.

माझ्या मते गंमत इथे आहे. मनाने अडवायच्या आत हाताने लिहून टाकायचं, हे त्याच्या तरुणपणच्या कवितेचं वेड. पण शब्द कितीही सैल सोडा, अर्थ चिकटून येतोच. रंगाला ती अडचण नाही. १९६२मध्ये त्याने शंभर डेकॅल्कोमानियांची एक मालिकाच केली. नावाचा अर्थ साधारण ‘माझं हृदय काळाचे ठोके देतं’ असा. फुलपाखरू एक काढून आपण थांबतो. हा शंभरदा कागद उचलून आत काय निघालं ते बघत बसला होता.