एका जनुकाच्या अभिव्यक्तीवरून (ते किती सक्रिय आहे यावरून) यकृताच्या कर्करोगाचा पुढचा अंदाज बांधता येतो का?

प्रश्न असा: टीसीजीएच्या (कर्करोगांच्या जनुकीय माहितीचा खुला साठा) डेटात एखाद्या जनुकाची अभिव्यक्ती 'जास्त' असलेले रुग्ण लवकर दगावतात, पी-व्हॅल्यू (प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०१, मग ते जनुक मार्कर, म्हणजे रोगाचा पुढचा अंदाज देणारी खूण, ठरतं का? एवढ्यावर नाही.

आधी सांगा, 'जास्त' आणि 'कमी' यांची सीमा कुठे आखली? सॉफ्टवेअरला 'सर्वोत्तम' कटऑफ शोधायला लावला असेल, तर ती पी-व्हॅल्यू फसवी आहे. शेकडो सीमा तपासून सर्वांत देखणी निवडली गेली. अभिव्यक्तीचा लॉग२ (२ या पायाचा लॉगॅरिदम) घेऊन ती सलग संख्या म्हणूनच कॉक्स मॉडेलमध्ये (मृत्यूच्या धोक्यावर कोणता घटक किती परिणाम करतो हे मोजणारी संख्याशास्त्रीय पद्धत) घाला. सोबत स्टेज, रक्तवाहिन्यांतला शिरकाव, एएफपी (यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढणारं प्रथिन) आणि चाइल्ड-प्यू (यकृत किती काम करतंय याचा गुणांक) घ्या. दर घटकामागे साधारण १० मृत्यू हवेत, नाहीतर आकडे डळमळतात.

पेशीविभाजनाशी निगडित जनुक असेल (सीडीके१, टॉप२ए) तर एमकेआय६७ही (पेशीविभाजनाचा नेहमीचा मार्कर असलेलं जनुक) मॉडेलमध्ये घालून पाहा. बहुतेकदा परिणाम तिथेच विरतो, म्हणजे नवीन काही सापडलेलं नसतं.

या रोगाची खरी अडचण वेगळी आहे. बऱ्याच रुग्णांना सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण) असतो आणि मृत्यू यकृत निकामी होऊनही येतो. म्हणून एकूण आयुर्मानाबरोबर पुनरुद्भवही (रोग परतणं) तपासा. शस्त्रक्रियेनंतर २ वर्षांच्या आत परतणारी गाठ बहुधा जुन्याच गाठीची असते, उशिराची बऱ्याचदा नवी. २००८ मध्ये पुढचा अंदाज देणारा १८६ जनुकांचा एक संच गाजला, तो गाठीतला नव्हे, शेजारच्या ऊतीतला होता! इकडे फार कमी लोक बघतात.

मग तेच मॉडेल, गुणांक न बदलता, जीएसई१४५२० (यकृताच्या कर्करोगाचा एक खुला डेटासंच) सारख्या वेगळ्या गटावर चालवा. तिथे बहुतांश रुग्ण हिपॅटायटिस बीचे आहेत आणि मोजणी मायक्रोअ‍ॅरेने (जनुकांची अभिव्यक्ती चिपवर मोजण्याची, टीसीजीएपेक्षा वेगळी पद्धत) झाली आहे, त्यामुळे टीसीजीएचा कटऑफ जसाच्या तसा लावू नका.